पाऊस करारात कुठे लिहिलाय?

विकास प्रकल्पाच्या प्रस्तावात शेवटाकडे जोखमींचा तक्ता असतो आणि त्यात एक ओळ ठरलेली असते: 'अनियमित पाऊस. शक्यता मध्यम. परिणाम मोठा. उपाय: शेतकऱ्यांमध्ये जागृती, पीक विम्याशी सांगड.' ही ओळ एका प्रस्तावातून दुसऱ्यात जशीच्या तशी जाते, कधीकधी तालुक्याचं नावसुद्धा न बदलता. मग ऑक्टोबरात सलग पाच-सहा दिवस पाऊस लागतो आणि शेतकरी उत्पादक कंपनीचा (म्हणजे शेतकरी सभासदांनीच मिळून काढलेल्या कंपनीचा) सोयाबीनचा ट्रक तेल कारखान्याच्या गेटवर ओलाव्यासाठी अडतो. त्या वेळी तो तक्ता कुणी काढत नाही. काढतात तो करार. त्यात लिहिलेलं असतं: ओलावा कमाल १२ टक्के, माल १० ऑक्टोबरपासून, उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का दंड. पावसाचा उल्लेख कुठेच नाही.

नुकसान कोणाच्या खिशातून जायचं हे करार ठरवतो, त्यामुळे हवामानाचा अभ्यास कितीही चांगला असला तरी तो करारात उतरला नाही तर शेवटी सगळ्यात कमजोर माणूस पैसे भरतो. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन खरेदीच्या करारांबद्दल आहे. मग बियाणं आणि थोडं पाणलोटाच्या बांधकामांबद्दल.

तारखा कुठल्या काळातल्या आहेत?

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेलं ९५ ते १०० दिवसांचं वाण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढणीला येतं. पूर्वी तोवर पाऊस उघडलेला असायचा, असं आपण धरून चालतो. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने लावल्या. वायव्य राजस्थानातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईतून माघारीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. आगमनाची तारीख मात्र मुंबईसाठी १० जूनवरून ११ जून, म्हणजे जवळजवळ तिथंच. सुरुवात जागेवर आणि शेवट आठवडाभराने पुढे, असा याचा अर्थ. परतीचा पाऊस आणि सोयाबीनची काढणी आता एकमेकांच्या अंगावर आलेत, आणि करारांचे जुने नमुने अजून दसऱ्याआधीच्या कोरड्या खळ्याचा हिशेब धरून बसलेत.

म्हणून कराराचा मसुदा हातात आला की आधी त्यातल्या सगळ्या तारखांखाली रेघ मारा: बियाणं कधी, पहिला हप्ता कधी, माल कधी, शेवटची मुदत कधी. प्रत्येक तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरा दिवसांत त्या महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटात) गेल्या दहा वर्षांत किती पाऊस झाला ते शेजारी लिहा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय आकडे मिळतात, आणि महावेध प्रकल्पातली दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यभर मंडळ पातळीवर आहेत. हे काम एका दुपारचं आहे. दहापैकी पाच-सहा वर्षांत १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान काढणी थांबण्याइतका पाऊस झालेला दिसला, तर त्याला जोखीम म्हणण्यात अर्थ नाही. तो तुमच्या भागाचा स्वभाव आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे तारीखच २० ऑक्टोबरनंतर नेणं. दहापैकी दोन-तीन वर्षांत दिसला तर ती खरी जोखीम, आणि तिच्यासाठी कलम लिहायचं.

कलम कसं लिहायचं

'अतिवृष्टी झाल्यास उभय पक्ष सामंजस्याने मार्ग काढतील' हे वाक्य करारात असण्यापेक्षा नसलेलं बरं. भाव चढा असेल तर खरेदीदार सामंजस्य दाखवतो, भाव पडलेला असेल तर गेटवरच्या माणसाला फोन लागत नाही. कलमात चार गोष्टी लागतात: कुठलं केंद्र, किती पाऊस, किती दिवसांत, आणि तो झाला की आपोआप काय बदलतं. साधारण असं:

'परिशिष्टात नमूद केलेल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर २० सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर या काळात सलग ४ दिवस रोज १० मिमी किंवा अधिक पावसाची नोंद झाल्यास, अथवा सलग ३ दिवसांत मिळून १०० मिमी किंवा अधिक पाऊस झाल्यास, माल देण्याची मुदत अशा पावसाच्या शेवटच्या दिवसापासून १२ दिवसांनी पुढे जाईल. वाढीव मुदतीत उशिराचा दंड लागणार नाही. १२ ते १६ टक्के ओलाव्याचा माल परिशिष्टातील घट-तक्त्यानुसार स्वीकारला जाईल.'

यातले आकडे जसेच्या तसे उचलू नका. ते तुमच्या मंडळाच्या दहा वर्षांच्या नोंदीवर चालवून बघा. प्रत्येक वर्षी कलम लागू होत असेल तर खरेदीदार सही करणार नाही, आणि दहा वर्षांत एकदाही होत नसेल तर ते कलम शेतकऱ्याच्या काही कामाचं नाही.

सगळीकडे चालणारा ६५ मिमीचा निकष इथे मुद्दाम घेतलेला नाही. मंडळात २४ तासांत ६५ मिमी म्हणजे अतिवृष्टी, हा महसूल खात्याचा मापदंड नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासाठी ठीक आहे. पण काढणीला आलेल्या सोयाबीनला एका रात्रीच्या ७० मिमीपेक्षा रोज २५-३० मिमीचे पाच ढगाळ दिवस जास्त छळतात. एका रात्रीचा पाऊस निचऱ्याच्या रानातून निघून जातो, दोन दिवसांत वाफसा येतो. पाच दिवसांच्या झडीत शेंग सुकतच नाही, दाणा शेंगेतच कोंब धरतो, आणि ६५ मिमीचा आकडा एकाही दिवशी गाठलेला नसतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने 'सततचा पाऊस' वेगळी आपत्ती मानली. त्याच्या निकषात सलग ५ दिवस रोज किमान १० मिमी ही अट आहे, ती याच अनुभवातून आली. करार लिहिताना तिचा आधार घ्यावा, खरेदीदारालाही तो सरकारी निकष म्हणून पटतो.

केंद्राबद्दल दोन बारकावे. पहिला, पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. १४ तारखेच्या रात्री दहाला कोसळलेला पाऊस १५ तारखेच्या आकड्यात दिसतो. करारात 'त्या दिवशीचा पाऊस' एवढंच लिहिलं असेल तर दोन्ही पक्ष वेगळ्या तारखा धरतात आणि एका दिवसाने सलग ४ दिवसांचे ३ होतात. 'सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांची नोंद' हे शब्द घाला. दुसरा, केंद्र बंद पडतं. बॅटरी गेली, पर्जन्यमापकाच्या नळकांड्यात पालापाचोळा अडकला, तर नोंद शून्य येते, आणि शून्य म्हणजे पाऊस नाही असंच कलम वाचलं जातं. म्हणून परिशिष्टात शेजारच्या मंडळाचं एक पर्यायी केंद्र आणि कंपनीच्या गोदामावर एक साधा मोजपात्राचा पर्जन्यमापक, रोज ८:३० ला मोबाइलवर फोटो, एवढं ठरवून ठेवा. मंडळात पंधरा-वीस गावं असतात आणि पाऊस हल्ली गाव सोडून गाव पडतो. गोदामावरची नोंद केंद्राच्या जागी चालणार नाही, पण वांधा झाला तर तिच्यासारखा पुरावा नाही.

ओलाव्याचा हिशेब

आता गेटवर. सरकारी हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, कारण माल केंद्रांवरून परत जात होता. खासगी करारात अशी सवलत कुणी पाठवत नाही. ती आधीच लिहून घ्यावी लागते, आणि ती दयेची नाही, गणिताची गोष्ट आहे.

१५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८५ किलो कोरडा माल आहे. तोच माल १२ टक्क्यांवर वाळवला तर त्याचं वजन ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६.५९ किलो भरतं. रास्त घट क्विंटलला ३.४१ किलो. याच रीतीने १३ टक्क्यांना १.१४ किलो, १४ ला २.२७, १६ ला ४.५५. हा तक्ता करारामागे जोडायचा, वर वाळवणीचा खर्च क्विंटलमागे ठरावीक रुपये म्हणून वेगळा लिहायचा. दोन्ही एकत्र करून 'एका टक्क्याला दोन टक्के कटती' असा जो रिवाज आहे, त्यात काय होतं बघा. १० टनांचा ट्रक, १५ टक्के ओलावा, भाव २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये धरू. रास्त घट ३४१ किलो, साधारण १६,७०० रुपये. रिवाजाची कटती ६०० किलो, २९,३५२ रुपये. फरक साडेबारा हजारांहून जास्त, एका ट्रकमागे. वाळवणीला एवढा खर्च येत नाही.

याच तक्त्याची दुसरी बाजू कुणी मागत नाही, याचं नवल वाटतं. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी नोव्हेंबरातला माल ९ टक्क्यांवर येतो. तेव्हा शेतकरी क्विंटलमागे पाण्याऐवजी ३ किलो जास्तीचा कोरडा माल, म्हणजे १२ टक्क्यांच्या हिशेबाने ३.४१ किलो, देत असतो आणि त्याचे पैसे शून्य. तक्ता १२ च्या खालीही १० किंवा ९ पर्यंत चालवा. खरेदीदार नाही म्हणेल, पण मग वरच्या बाजूची कटती निदान रास्त ठेवण्यावर बोलणी तरी होतात.

ओलावा यंत्रांचा घोळ निराळा. कंपनीचं यंत्र आणि गेटवरचं यंत्र यांत अर्धा-एक टक्क्याचा फरक सहज पडतो. नुकताच उन्हातून उचललेला गरम दाणा यंत्रात घातला की आकडा चुकतो. उपाय जुनाच आहे: हंगामाआधी दोन्ही यंत्रांवर एकाच पोत्यातले नमुने लावून फरक लिहून ठेवणे, ट्रकमधून किमान पाच पोत्यांत बंबू (नमुना काढायची टोकदार नळी) घालून एकत्र नमुना घेणे, तीन वेळा मोजून सरासरी धरणे. वांधा झाला तर नमुन्याचे तीन भाग करून सील करायचे. एक एक दोघांकडे आणि तिसरा प्रयोगशाळेत, जिथली ओव्हनची चाचणी अंतिम. प्रयोगशाळेचं नाव आणि तिची फी कोणी भरायची हे करारातच असावं. ट्रक उभा असताना ते ठरत नाही, आणि ट्रकचं थांबण्याचं भाडं वाढत राहतं.

कार्यक्रमाच्या पैशांतून काय घ्यावं, असं विचारलं तर हंगामाआधी ताडपत्र्या. ३० बाय ४० फुटांच्या ताडपत्रीवर, कडेने जागा सोडून, दोन इंचांच्या थरात साधारण साडेतीन टन सोयाबीन बसतं. दहा टनांच्या ट्रकला तीन पसरायला आणि तेवढ्याच झाकायला. थर यापेक्षा जाड केला की वरचा दाणा वाळतो, खालचा घामेजतो. ओली पोती थप्पीला लावून उद्या बघू म्हटलं, तर थप्पी आतून तापते, बुरशी धरते, तेलाची आम्लता वाढते. मग मोजणीत ओलावा कमी निघाला तरी माल डागी म्हणून परत येतो.

दैवी आपत्तीचं कलम काय वाचवत नाही

जवळपास प्रत्येक करारात फोर्स मेजरचं, म्हणजे दैवी आपत्तीचं, कलम असतं आणि त्यात पूर, दुष्काळ, भूकंप, युद्ध एका दमात लिहिलेलं असतं. पुरवठादारांना वाटतं, पाऊस झाला की यात बसलो. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ५६ खाली करार संपतो तो काम अशक्य झाल्यावर, महाग किंवा त्रासाचं झाल्यावर नाही. एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हेच स्पष्ट केलं: नुसता खर्च वाढला म्हणून करारातून सुटका नाही. मराठवाड्यात दुष्काळ पडणं ही अकल्पित गोष्ट आहे, असं कुठल्या न्यायाधीशाला पटवणार? शिवाय बाजारात दुसऱ्या जिल्ह्यातलं सोयाबीन मिळत असेल तर पुरवठा 'अशक्य' झालेला नसतोच. करारात 'सभासदांच्या शेतातलं, अमुक गावांतलं उत्पादन' असं मालाचं मूळ लिहिलेलं असेल तरच पीक बुडाल्याचा बचाव उभा राहतो. एवढी एक ओळ बऱ्याच करारांत नसते.

दंडाबाबतही तसंच. कलम ७४ प्रमाणे करारातली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत जी वाजवी असेल तेवढी भरपाई. व्यवहारात मात्र खरेदीदार दंड बिलातून कापून घेतो आणि तुम्ही वर्षभर पत्रं लिहीत बसता. म्हणून दंड कापण्याआधी लेखी नोटीस आणि सात दिवसांची मुदत ही अट घाला.

प्रमाणाची लवचीकता यापेक्षा महत्त्वाची वाटते. ५०० टन असा एकच आकडा लिहू नका. ३५० टन पक्के, त्यावर १५० टन कंपनीच्या इच्छेवर, आणि हा दुसरा आकडा सप्टेंबरच्या अखेरीस शेंगा भरल्यावर कळवायचा. ३५० हा आकडा आशेवर नाही, गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्यात वाईट वर्षाच्या उताऱ्यावर काढायचा. खराब हंगामात करार मोडतो तो बहुधा माल नसतो म्हणून नाही, तर भाव चढतो म्हणून. सभासद चार पैसे जास्त देणाऱ्या आडत्याकडे वळतात आणि कंपनी दोन्हीकडून अडकते. ठरीव भावाऐवजी 'लातूर बाजार समितीच्या मागच्या सात दिवसांच्या सर्वसाधारण दराची सरासरी अधिक ठरावीक प्रीमियम, किमान हमीभाव' असं सूत्र असेल तर सभासद टिकतात. वायद्यात भाव बांधून ठेवण्याचा मार्ग तसाही बंद झाला. बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह अनेक शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली.

सगळे पुरवठादार एकाच तालुक्यातले असतील तर कलमं कितीही सुरेख लिहा, एकच ढग सगळ्यांना भिजवतो. खरेदी किमान तीन-चार मंडळांत, शक्यतो दोन वेगळ्या खोऱ्यांत विभागलेली असावी, आणि दहा दिवसांच्या फरकाने पक्व होणारी दोन वाणं सभासदांकडे असावीत. यात खरेदीदाराचाही फायदा आहे.

बियाण्यात पाऊस एक वर्ष उशिरा येतो

ऑक्टोबर २०१९ मध्ये परतीच्या पावसाने काढणीचं सोयाबीन भिजलं. त्या मालातलं बियाणं जून २०२० मध्ये पेरलं गेलं आणि उगवण न झाल्याच्या तक्रारींचा खच पडला, मराठवाड्यात दुबार पेरण्या झाल्या. २०२० चा जून चांगला होता. चूक मागच्या ऑक्टोबरातली होती. प्रकल्पाच्या जोखीम तक्त्यात अशी जोखीम बसतच नाही, कारण तो एका हंगामाचा असतो.

सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ. भिजून सुकलं की सुरकुततं, मळणीयंत्राचा वेग जास्त असेल तर बारीक तडे जातात आणि अंकुर दुखावतो. तो दाणा खायला, तेलाला चालतो, उगवत मात्र नाही. म्हणून बियाण्याच्या करारात मळणीचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेरे, मळणीवेळचा ओलावा १३-१४ टक्के, पोती फेकायची नाहीत, लाकडी फळ्यांवर थप्पी, हे बारीक वाटणारं सगळं लिहायचं. आणि पैसे दोन टप्प्यांत. नोव्हेंबरात माल घेताना उगवण चाचणी, त्यावर ८० टक्के रक्कम. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा चाचणी, त्यावर उरलेली. नोव्हेंबरात ७८ टक्के उगवलेलं बियाणं पत्र्याच्या तापलेल्या गोदामात मेपर्यंत ६५ वर येऊ शकतं, आणि किमान प्रमाण ७० टक्के आहे. मग साठवणूक कोणाच्या ताब्यात होती हा प्रश्न येतो. करारात त्याचं उत्तर आधीच असावं.

घरची चाचणी प्रत्येक सभासदाने करावीच: ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडून, सात-आठ दिवसांनी मोजणी. १०० पैकी ७० उगवल्यास एकरी ३० किलो धरलं, तर ६० उगवले की ३५ किलो लागतील. त्याखाली असेल तर ते बियाणं विकून टाका. आणि ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, ही कृषी विभागाची सूचना बियाणं वाटणाऱ्या कार्यक्रमाने वाटपाच्या तारखेशी जोडावी. बियाणं ५ जूनला घरात पडलं की पहिल्या ३० मिमीवर पेरलं जातं, शेजारी पेरतोय हे बघून. मग खंड पडतो. ऑगस्ट २०२३ देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. तशा वर्षी तर दुबार पेरणीचं पीक ऐन फुलोऱ्यात सापडतं. राखीव बियाणं एकूण गरजेच्या १५-२० टक्के कंपनीच्या गोदामात ठेवणं आणि ते न लागल्यास पुरवठादाराने जुलैअखेर कोणत्या दराने परत घ्यायचं, हे ठरवून ठेवणं स्वस्त पडतं.

बांधकामं आणि ३१ मार्च

पाणलोटाच्या कामांत हवामानाची अडचण निविदेच्या वेळापत्रकातच पेरलेली असते. मंजुरीला जानेवारी, कार्यारंभ आदेश मार्चमध्ये, काँक्रीट एप्रिल-मेमध्ये. ४० अंशांवरच्या हवेत काँक्रीट करायचं तर भारतीय मानक आयएस ७८६१ चे उष्ण हवेचे नियम लागतात. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला पाणी मारणं किमान ७ दिवस, कोरड्या उष्ण हवेत १० दिवस, आणि राखमिश्रित सिमेंटला १४ दिवसांची शिफारस. सिमेंट नाला बांधाच्या जागी मेमध्ये पाणी कुठून येणार? टँकरने. अंदाजपत्रकात टँकर नसतो, ठेकेदार चार दिवस गोणपाट ओलं ठेवतो आणि पुढच्या वर्षी सांडव्याच्या कडेने पोपडे निघतात. उपाय सोपा आहे: पाणी मारण्याला मोजमाप पुस्तिकेत स्वतंत्र बाब द्या, रोजच्या फोटोवर तिचं देयक काढा. दरात 'समाविष्ट' असलेलं पाणी कधीच मारलं जात नाही.

मजुरांच्या वेळाही याच खात्यात. मेमध्ये विदर्भात दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवायचं, तर रोजचं काम कमी होणार आणि मुदत त्या हिशेबाने हवी.

मुदतवाढीसाठी 'पावसामुळे' हे कारण सरसकट मान्य करू नये आणि सरसकट नाकारूही नये. जून ते सप्टेंबर पाऊस येणारच, तो ठेकेदाराच्या वेळापत्रकात असायला हवा. ब्रिटनमधल्या एनईसी करारांत (बांधकामांसाठीचे तिथले प्रमाणित नमुने) याची चांगली युक्ती आहे: ठरलेल्या केंद्रावर त्या महिन्यात दहा वर्षांतून एकदाही न दिसणाऱ्या पातळीचं हवामान नोंदलं गेलं, तरच वेळ आणि पैसे वाढवून मिळतात. बाकीचं ठेकेदाराचं. आपल्या छोट्या कामांना हे जसंच्या तसं लावता येतं. सोबत एक टप्पा-अट: २० मेनंतर नवीन पाया उघडायचा नाही, उघडलेला पाया ३१ मेपर्यंत नाल्याच्या तळापर्यंत भरलेला हवा. खोदून ठेवलेल्या पायात वळवाचा गाळ बसला की तो उपसण्यावरून वाद, आणि न उपसताच काँक्रीट टाकलं तर बांधाखालून पाणी. ठेकेदाराच्या अनामत ठेवीचा किमान निम्मा भाग पहिला पावसाळा जाऊन ऑक्टोबरची पाहणी होईपर्यंत सोडू नका.

शेततळ्याचं गणितही करारापूर्वी बघावं. वर ३० बाय ३०, तळाशी २४ बाय २४, खोली ३ मीटर, म्हणजे २,१९६ घनमीटर, जवळपास २२ लाख लिटर. एप्रिल-मेमध्ये दिवसाला १० मिमी बाष्पीभवन धरलं तर भरलेल्या तळ्यातून रोज ९,००० लिटर उडतात. निम्म्या खोलीला उतरलेलं तळं असेल तरी दोन महिन्यांत, एक थेंब न वापरता, चार लाख लिटरच्या पुढे. फळबागेच्या पाण्याचा हिशेब २२ लाखांवर केलेला असेल तर मेच्या मध्यात टँकर येतो. अस्तराच्या ५०० मायक्रॉन प्लास्टिक कागदाची हमी घेताना पुरवठादाराला जोडाची चाचणी, काठावरच्या चराची खोली आणि भराव, आणि तळ काळ्या मातीत भेगाळू नये म्हणून टाकायचा मुरमाचा थर, हे तिन्ही त्याच्याच कामात द्या. कागद एकाचा आणि खोदाई दुसऱ्याची असली की गळतीला कोणीच मालक नसतो.

विम्याबद्दल थोडक्यात. 'पीक विम्याशी सांगड' ही ओळ ज्या तक्त्यांत आहे ते आता पुन्हा वाचावे लागतील. खरीप २०२५ पासून राज्यातला एक रुपयातला विमा बंद झाला, शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्क्यांपर्यंत गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आली. नुकसान ७२ तासांत फोटोसह कळवा, हे प्रशिक्षणातलं पान त्यामुळे कालबाह्य झालं. शिवाय विमा शेतकऱ्याचं पीक धरतो. कंपनीला लागलेला दंड, अडलेला ट्रक, परत आलेला माल यांतलं काहीच त्यात नाही.

राहता राहिला पैसा. मार्चअखेरच्या घाईमुळे कामं उन्हाळ्यात ढकलली जातात. सीएसआर निधीबाबत (कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा पैसा) तर ही घाई बऱ्याचदा फुकटची असते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून ठरवलेला असेल, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. तसा ठराव नसेल तर ती सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते. म्हणून देणगीदाराशी करार करतानाच प्रकल्प बहुवर्षीय लिहून घ्या, आणि तसा ठराव झाल्याची प्रत मागून फाइलला लावा. नाला बांध मग डिसेंबरात बांधता येतो. तेव्हा नाल्यात पाणी मारायला पाणीही असतं.